घागर ठेवून आलो होतो

सोयाबीन काढायला आलं की आमच्या नळदुर्गात हवेला एक खरखरीत वास येतो. वाळलेल्या शेंगांचा, भुसकटाचा, मळणी यंत्राच्या डिझेलचा. तो जाळीतून घरात येतो, दोरीवरच्या साड्यांत शिरतो, आणि दोन-चार दिवस अंग खाजत राहतं. त्याच सुमाराला भाद्रपदाचं चटका देणारं ऊन पडतं आणि त्याच सुमाराला पितृपंधरवडा लागतो. माझ्या फोनवर वर्षभर जे मेसेज येत असतात, ते या दिवसांत मी उघडून वाचायला लागते. "२ बीएचके, तिसरा मजला, लिफ्ट, फॅमिलीसाठी, ताबडतोब ताबा." "१ बीएचके, फक्त व्हेज, बॅचलर नको." पुण्यातले रिकामे फ्लॅट. तीन वर्षं झाली, मला पुण्यात घर नकोय. भारतभाऊंनी आपल्या यादीतून माझा नंबर काढलेला नाही, आणि मीही त्यांना तसं सांगितलेलं नाही.

भारतभाऊ हे पुण्यातले एजंट. मूळचे आमच्याच जिल्ह्यातले, उमरग्याचे. आणि घर हवं होतं ते माझ्या धाकट्या बहिणीसाठी, शैलासाठी.

आमचं घर तिघी बायकांचं होतं. आई, मी आणि शैला. माझे यजमान गेल्यावर मी माहेरी आले, इथल्याच शाळेत विज्ञान शिकवते. शैलाचं लग्न जमलं नाही. बसस्टँडच्या मागच्या गल्लीत तिचं शिलाईचं दुकान होतं, आणि गळ्यात कायम टेप. घरीसुद्धा. दाराची चौकट, नवीन कुकर, शेजारणीचं बाळ, हाताला लागेल ते ती मोजून बघायची. कशासाठी, विचारलं तर म्हणायची, "ऱ्हाऊ दे की. लागतंय कवातरी."

मग तिच्या दोन्ही किडन्या गेल्या. कशानं, ते डॉक्टरांनाही नीट सांगता आलं नाही. आठवड्यातून तीनदा सोलापूर, डायलिसिसला. सकाळची एसटी धरायची, दुपारी उशिरा परत. हायवेवर ट्रकांची रांग लागली की ती खिडकीला डोकं टेकून निपचित पडायची. आणि पाणी बंद. बंद म्हणजे दिवसभरात तीन फुलपात्री, औषधाच्या गोळ्यांसकट. ती तीन फुलपात्री मी मोजून द्यायची. उन्हाळ्यात ती चौथं मागायची आणि मी द्यायची नाही. मुलींना शाळेत शिस्त लावते तशा आवाजात मी सख्ख्या बहिणीला पाणी नाही म्हणत होते. तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

माझी किडनी तिला जुळली. सगळ्या तपासण्या पुण्याच्या हॉस्पिटलात झाल्या, कागद झाले, सह्या झाल्या. शेवटी तिथल्या बाई म्हणाल्या, "दसऱ्यानंतरचा आठवडा तुमच्यासाठी धरते. पण ऑपरेशननंतर तीन महिने पेशंट आमच्या जवळ हवी. स्वतंत्र खोली, स्वतंत्र स्वयंपाकघर, स्वच्छ. लॉज चालणार नाही. घर घेतल्याचा कागद घटस्थापनेपर्यंत आणून द्या, नाहीतर तो आठवडा दुसऱ्या पेशंटला द्यावा लागेल."

मला वाटलं, अवघड होतं ते झालं. किडनी मिळाली, घर काय, मिळेल.

हसू येतं आता. किडनी मिळणं सोपं होतं, ती माझ्या पोटातच होती.

त्या श्रावण-भाद्रपदात आम्ही दोघी पुण्यात किती जिने चढलो, याचा हिशोब नाही. शैला दर मजल्यावर थांबायची, कठड्याला धरून. मी म्हणायची तू खाली बस, मी बघून येते. ती म्हणायची, "न्हाय, मला बघू दे. मला ऱ्हायचंय तिथं." एका फ्लॅटच्या दारात तर आमच्या आधी सात जण उभे होते. कुणी लॅपटॉपची बॅग अडकवलेले, कुणी कडेवर मूल घेतलेले, एकजण फोनवरून बायकोला व्हिडिओत खोल्या दाखवत होता. पाच-पाच मिनिटं आत सोडत होते. आमचा नंबर यायच्या आत दार लागलं. आतून मालकीणबाई म्हणाल्या, "गेला, गेला." जणू वरणाचं पातेलं संपलं होतं.

प्रश्न सगळीकडे तेच. किती जण? दोघीच? पुरुष माणूस कोण आहे? नोकरी पुण्यात का? नाही? मग कशासाठी? मी खरं सांगायची. आमच्याकडे घर मागायला गेलं की आधी चहा होतो, मग कोण, कुठले, कुणाचे, सगळं उघडं होतं, आणि त्यावरच घर मिळतं. मी तशीच पुण्यात बोलत राहिले. बहिणीचं ऑपरेशन आहे, किडनीचं, तीन महिन्यांसाठी हवंय, जास्तही राहू. समोरच्याचा चेहरा ऑपरेशन या शब्दालाच मिटायचा. "बघतो आणि कळवतो." "आम्ही अकरा महिन्यांशिवाय देत नाही." एका गृहस्थांनी फार सभ्यपणे विचारलं, "म्हणजे तसं काही... बरंवाईट झालं तर, घरात, तुमच्या लक्षात येतंय ना?" शैला तिथंच उभी होती, हातात टेप घेऊन. खिडकीचं माप घेत होती.

बाहेर आल्यावर माझ्या डोळ्यांत पाणी. ती हसत होती. म्हणाली, "अक्का, तू कशाला वाईट वाटून घितीस? मला बघून नापसंत करायची सवय हाय लोकांना. धा-बारा कार्यक्रम झालेत माजे. हितं निदान पोहे तरी करायला लागत न्हाईत."

भारतभाऊ भेटले ते या सगळ्यानंतर. चाळिशी ओलांडलेला, पोट सुटलेला, दोन फोनवर एकदम बोलणारा माणूस. आमची बोली ऐकली आणि एक फोन बंद करून म्हणाला, "नळदुर्गचे व्हय? मग आदी सांगायचं न्हाय का बाई! मी उमरग्याचा." परक्या शहरात आपल्या जिल्ह्याचा माणूस भेटला की जो धीर येतो तो खोटा असतो हे मला तेव्हा माहीत नव्हतं. खोटा म्हणणं अन्याय आहे. तो माणूस आमच्यासाठी खरोखर फिरला. त्यानंच सांगितलं, "बाई, किडनी-बिडनी बोलायचं न्हाय. बहिणीची तब्येत जरा नाजूक हाय, एवढंच." मी म्हटलं, मला खोटं बोलता येत नाही. "मग घर बी मिळत न्हाय," तो म्हणाला आणि तरीही शोधत राहिला.

अखेर त्यानं ते घर काढलं. हॉस्पिटलपासून रिक्षानं पंधरा मिनिटं, पहिला मजला, पूर्वेची खिडकी. मालक बँकेतून निवृत्त झालेले, शांत बोलणारे. सगळं ऐकून घेतलं, किडनीसकट, आणि म्हणाले, "हरकत नाही. आजारी माणसानं जायचं कुठे मग?" मी त्यांच्या पाया पडायची बाकी होते. शैलानं स्वयंपाकघराचा कोपरा मोजला, आतल्या खोलीत कॉट कुठं बसेल ते मोजलं, आणि पूर्वेच्या खिडकीला पडदा किती वार लागेल तेही. "ह्यो मी शिवनार," म्हणाली. "निळा. बारीक फुलांचा."

गणपती विसर्जनाचा आदला दिवस होता. रस्त्यांवर ढोल सुरू झाले होते. पुढच्या दोन दिवसांत पितृपंधरवडा लागणार होता.

इथं मला थांबावंसं वाटतं. दरवर्षी या दिवसांत मी इथंवर येते आणि इथंच थांबते, कारण पुढचं सगळं माझं आहे. मालकाचं नाही, पुण्याचं नाही, एजंटाचंही नाही.

आमच्याकडे घर ठरलं की आधी पाण्यानं भरलेली घागर नेऊन ठेवतात. आपल्या घरचं पाणी, वर झाकण, झाकणावर हळदकुंकू. मग सामान चांगला दिवस बघून चार दिवसांनी न्या, पंधरा दिवसांनी न्या, घर तुमचं झालेलं असतं. घागर ठेवलेल्या घरात दुसरा कुणी पाय टाकत नाही. आमच्या गल्लीत एकदा दोन महिने अशी घागर होती आणि घरमालकानं आलेल्या तीन भाडेकरूंना दारातून परत लावलं होतं.

घर बघायला निघालो तेव्हाच आईनं आमच्याबरोबर तांब्याची घागर दिली होती. "ठरलं की लगीच ठिऊन या. रिकाम्या हातानं परत येऊ नगा." नळदुर्गहून पुण्यापर्यंत ती घागर शैलानं मांडीवर धरली. तोंडाला ओलं फडकं बांधलेलं. खड्ड्यात गाडी आपटली की पाणी डचमळून तिच्या साडीवर सांडायचं आणि ती ओलं बोट ओठाला लावायची. मी बघितलं आणि बघितलं नाही असं केलं. टेंभुर्णीच्या पुढं ती मला म्हणाली, "अक्का, तुजी किडनी बसली की ह्या घागरीतलं तांब्याभर पाणी पैलं मी पिनार. फुलपात्रं न्हाय. तांब्या. तू मोजायचं न्हाईस."

मी हो म्हटलं.

तर त्या घरात, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, आम्ही घागर ठेवली. मालक उभे होते. "हो हो, ठेवा की," म्हणाले. भारतभाऊंनी चप्पल काढून हात जोडले. ते आमच्याकडचेच, त्यांना सांगावं लागलं नाही. पण बाहेर येताच ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, ॲग्रीमेंट आज करून टाकू. संध्याकाळपातूर माणूस येतो लॅपटॉप घिऊन, अंगठा लावला की झालं."

मी आईला फोन लावला. आई म्हणाली, "आज म्हुरत न्हाय, काय न्हाय, घागर ठिवली तेवढं पुरं. सही-बिही आता पितरं उठल्यावर. पितरं तोंडावर आल्यात, आशात कागद नगं. पोरीच्या जिवाचं काम हाय." मी म्हटलं, आई, सही आज झाली तरी राहायला जायचं पंधरा दिवसांनीच आहे. "मग सही बी पंदरा दिसांनीच कर. घाई कशाची? घागर हाय की."

मी विज्ञान शिकवते. आठवीच्या मुलींना मी ग्रहण समजावून सांगते, अमावास्येला प्रवास केल्यानं काही होत नाही म्हणून सांगते. त्या दिवशी भारतभाऊंना मी म्हटलं, "घटस्थापनेला येतो आणि त्याच दिवशी सही करतो. घागर ठेवलीय ना."

"बाई, हितं घागर कुनाला कळती," ते म्हणाले. तेवढंच. मला वाटतं त्यांनाही पितरांच्या विरोधात फार बोलवेना.

मी आईवर ढकलू शकते. ढकललंही काही दिवस. पण खरं असं की मलाही भीती वाटली. आयुष्यात पहिल्यांदा इतकं मोठं काहीतरी दाराशी आलं होतं की एवढंसंही चुकायला नको, असं वाटलं. आणि जे चुकायला नको होतं तेच मी केलं.

पंधरवड्यातल्या सहाव्या दिवशी भारतभाऊंचा फोन आला. शाळेत मधली सुट्टी होती, मैदानाच्या पलीकडं कुणाच्या तरी रानात मळणी यंत्र घरघरत होतं, मला नीट ऐकू येईना. "बाई, त्या घराचं... पार्टी आली हुती. नवरा-बायको, दोगं कंपनीत. ॲग्रीमेंट जागच्या जागी. मी लई सांगितलं मालकाला." मी मालकांना फोन केला. ते तसेच शांत होते. "अहो बाई, मी हो म्हणालो होतो, ते खरं. पण लिहून कुठे दिलं होतं? आणि तुम्हीच पंधरा दिवस मागितलेत. मी समजलो, तुमचं अजून नक्की नाही." ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरोखरच तसं वाटलं होतं. आमच्यासाठी जे घर राखून ठेवणं होतं, ते त्यांच्यासाठी एका कोपऱ्यात ठेवलेलं भांडं होतं.

मी त्याच दिवशी रजा टाकून पुण्याला गेले. आईनं स्वतः मला बसस्टँडवर सोडलं. म्हणाली, "कुठलं बी घे गं सुमन. पितरं-बितरं काय बगू नगं. आजच सही कर." तोंडाला पदर लावून बोलत होती. त्या पितरांच्या पंधरवड्यात मी चार दिवस पुण्यात दारोदार फिरले. भारतभाऊंच्या म्हणण्याप्रमाणं खोटंही बोलायला शिकले. बहीण ठणठणीत आहे, आम्ही दोघी कंपनीत आहोत, यजमान परदेशी असतात. एका बाईनं परदेशी कुठं विचारलं आणि मला एका देशाचं नाव पटकन सुचेना. हॉस्पिटलजवळच्या धर्मशाळेच्या यादीत आमच्यापुढं चाळीसेक नावं होती. भारतभाऊ माझ्याबरोबर चारही दिवस फिरले, एक रुपया घेतला नाही, आणि एकदाही म्हणाले नाहीत की मी सांगितलं होतं.

घटस्थापनेला मी पुन्हा पुण्यात होते, पण माझ्याकडं कागद नव्हता. हॉस्पिटलातल्या बाई वाईट नव्हत्या, त्यांनी आणखी तीन दिवस दिले. मग तो आठवडा दुसऱ्या कुणाला गेला. कुणाला ते मला माहीत नाही. ते माणूस जगो. मनापासून म्हणते, दात-ओठ खाऊन का होईना. "डिसेंबरमध्ये बघू," बाई म्हणाल्या.

परत आले तेव्हा नवरात्र चालू होतं, तुळजापूरच्या रस्त्यानं माणसं अनवाणी चालली होती. शैला दुकानात होती. मशीनवर निळं, बारीक फुलांचं कापड. तिनं माझा चेहरा बघितला. मशीन थांबवलं, कापड घडी केलं आणि म्हणाली, "जाऊ दे. ह्याचा परकर हुतोय." मग विचारलं, "घागर आनलीस का?"

मला घागरीची आठवणच नव्हती झाली.

दिवाळीच्या आधी तिला ताप आला. डायलिसिसच्या नळीतून जंतू गेले होते. सोलापूरच्या आयसीयूत ती पाच दिवस होती. ओठांना भेगा पडल्या होत्या, मी ओला कापूस फिरवत होते. नर्स म्हणाली, पाणी देऊ नका हं. मी नाही दिलं. पाचव्या दिवशी दुपारी ती गेली. माझी किडनी माझ्याजवळच राहिली. दरवर्षी शाळेत आरोग्य तपासणी होते, डॉक्टर रिपोर्ट बघून म्हणतात, "बाई, दोन्ही किडन्या एकदम छान आहेत तुमच्या." मी मान हलवते. आठवीला उत्सर्जन संस्थेचा धडाही मीच शिकवते. तक्त्यावर दोन लालसर शेंगा काढलेल्या असतात, आणि पुस्तकात एक वाक्य आहे, माणूस एका मूत्रपिंडावरही जगू शकतो. ते वाक्य मी मुलींना मोठ्यानं वाचायला सांगते, स्वतः वाचत नाही.

घागर भारतभाऊंनी पाठवली, तिच्या तेराव्यानंतर, एका ओळखीच्या ट्रकवाल्याबरोबर. नव्या भाडेकरूंनी ती बाहेर जिन्याखाली ठेवली होती म्हणे. तिथं वॉचमन तिच्यात झाडू उभा करायचा. भारतभाऊंनी घासून पाठवली होती. आत कागदाचा बोळा भरला होता, पोचे येऊ नयेत म्हणून. आईनं बोळा काढला, आत हात घालून बघितलं, कोरडी ठक्क. मग ती घागर तिनं माळ्यावर टाकली आणि जिना उतरताना तिथंच पायरीवर बसून राहिली. तेव्हापासून ती देवाला नमस्कार करते पण काही मागत नाही. आम्ही दोघी एकमेकींना दोष देत नाही. दिला असता तर बरं झालं असतं, घरात थोडं बोलणं तरी झालं असतं.

आज सर्वपित्री अमावास्या. सकाळपासून आई चुलीपाशी आहे. खीर, भजी, गवारीची भाजी, वडे. बाहेर सोयाबीनचं भुसकट उडतंय, मी खिडक्या लावून घेतल्या तरी पोळ्यांच्या परातीवर बारीक धूळ बसतेच. ज्या पंधरवड्याचा मान राखायला आम्ही थांबलो, त्या पंधरवड्यात आता तिचंही पान वाढावं लागतं. वडिलांच्या शेजारी, माझ्या यजमानांच्या शेजारी. तिघांत ती सगळ्यांत लहान.

पानं मांडत होते आणि फोन वाजला. भारतभाऊंच्या यादीतला मेसेज. "१ बीएचके, पहिला मजला, पूर्वेची खिडकी, हॉस्पिटलजवळ. रिकामा. आजच ताबा." खाली फोटो. स्वयंपाकघर पुसून लख्ख केलेलं, कोपरा मोकळा. मी ओळखला. तिनं मोजलेला कोपरा होता तो, मला त्याचं मापही आठवतं. मी बोटांनी फोटो मोठा करून बघितला. खिडकीला पडदा नव्हता. मी 'हवाय' असं लिहिलं. ती अक्षरं किती वेळ बघत होते कोण जाणे. मग पुसली.

"सुमन," आईनं आतून हाक मारली, "पानाजवळ पानी ठेव. कावळा यायच्या आत ठेव."

वडिलांच्या आणि यजमानांच्या पानाजवळ मी फुलपात्री ठेवली. शैलाच्या पानाजवळ ठेवायला तिसरं उचललं आणि परत जागेवर ठेवलं. माळ्यावरून घागर काढली, चिंचेनं घासली, नळाखाली भरली. कपाटातला मोठा तांब्या घेतला, घागरीत बुडवून काठोकाठ भरला आणि तिच्या पानाजवळ नेऊन ठेवला. थोडं पाणी फरशीवर सांडलं. ते मी पुसलं नाही.

मोजलंही नाही.